छातीएवढे ओटे

सभागृहात लोकांनी निवडून दिलेले सदस्य नसले की नगरपालिकेचे अंदाजपत्रक फार लवकर मंजूर होते. मध्यंतरी निवडणुका लांबल्या, आमच्या गावचा कारभार प्रशासकाकडे गेला, आणि हे मी डोळ्यांनी पाहिले. मुख्याधिकारी बाईच प्रशासक होत्या. सूचना मांडणाऱ्या त्याच, मंजूर करणाऱ्याही त्याच. माझी सगळी नोकरी याच नगरपालिकेच्या लेखा विभागात झाली. माझ्या काळात सदस्य एका गटारावरून इतके भांडत की समोरचे पोहे गार होत. त्या भांडणांचा मला कंटाळा येई. रिकाम्या खुर्च्यांसमोर वाचले जाणारे अंदाजपत्रक ऐकणे त्याहून जड गेले.

नगरपालिकेकडे दोन प्रकारचा पैसा येतो. घरपट्टी, पाणीपट्टी, बाजारकर हा घरचा. दुसरा राज्याकडून आणि दिल्लीकडून येतो. तो बहुधा बंधित असतो, म्हणजे कशावर आणि कसा खर्चायचा हे देणाऱ्याने आधीच ठरवलेले असते. मी या पद्धतीचा शत्रू नाही. घरच्या पैशात आमची दिवाबत्ती आणि झाडलोट कशीबशी भागते. जुन्या कोंडवाड्याच्या जागेवर नवी भाजी मंडई झाली, ती दिल्लीच्या निधीमुळेच. छप्पर चांगले होते. पाण्याचे नळ होते. बायकांसाठी स्वच्छतागृह होते, जे आम्हाला इतक्या वर्षांत बांधता आले नव्हते.

फक्त ओटे छातीएवढे होते.

नकाशा दिल्लीत मंजूर झालेला. सगळ्या देशासाठी एकच. तिकडे कुठे भाजीवाले उभे राहून विकत असतील. आमच्याकडे भाजीवाली बसते. गिऱ्हाईक वाकते, जुडी उलटीपालटी करते, भाव पाडते आणि मग घेते. ही रीत नकाशा काढणाऱ्याला कोणी सांगितली नव्हती. सांगायला सभागृहात कोणी नव्हतेही.

माझी भाजीवाली ठरलेली होती. औंधच्या पलीकडच्या दुष्काळी भागातून लग्न होऊन इथे आलेली एक बाई पोस्टाच्या भिंतीशी बसे. माहेर मेंढपाळांचे. तिचा पावटा ताजा असे आणि ती मापात मारत नसे. मला एवढे पुरे होते. नवरा अंथरुणाला खिळलेला. घरात कमावणारी ती एकटी. गुडघे दोन्ही गेलेले. मंडई सुरू झाली की रस्त्यावर कोणालाही बसू देणार नाही, अशी दवंडी गाडीवरून फिरली, तेव्हा ती मला मंडई दाखवायला घेऊन गेली.

ओट्यासमोर उभी राहून तिने मान वर केली.

"आण्णा, ह्यो ओटा हाय का माडी?"

"उभे राहून विकायचे आहे," मी म्हणालो.

"आन् ह्या गुडघ्यांनी?"

शेजारी मिरचीवाली होती. ती म्हणाली, "वर चढून बस की गं. उतरायच्या टायमाला बंबवाल्यांस्नी बोलवू."

"तू तुज्या मिरच्या ईक," ही म्हणाली. बाकीच्या हसल्या. ही हसली नाही. ओट्याच्या कडेवर तिने तळवा टेकला. मग म्हणाली, "हितं माजं व्हायचं न्हाई, आण्णा. रस्त्यावर बसू देत न्हाईत, हितं चढता येत न्हाई. मी जाऊ कुटं?"

मी घरी न जाता नगरपालिकेत गेलो.

मुख्याधिकारी बाई विदर्भातल्या, वयाने माझ्या मुलीपेक्षा लहान. टेबलावरचा डबा तसाच झाकलेला होता.

"काका, मला दिसत नाही का?" त्या म्हणाल्या. "माझी आजी आठवडी बाजारात पोतं अंथरून बसायची. पण नकाशा वरून आलाय. ओटा बोटभर जरी कमी केला, तरी शेवटचा हप्ता अडकतो. मग ठेकेदाराचं बिल मी कुठून देऊ? तुमच्या घरपट्टीतून?"

"ओट्याला हात लावू नका," मी म्हणालो. "जमीन वर घ्या."

त्यांनी पेन खाली ठेवले.

"ओट्यांच्या मधल्या वाटांत मुरूम भरा," मी पुढे म्हणालो. "ओटा आहे तेवढाच राहील. मुरूम आपण रस्तेदुरुस्तीच्या शीर्षाखाली दर वर्षी घेतोच. तो घरचा पैसा. त्याला दिल्लीची परवानगी लागत नाही."

बाईंनी नकाशा उलगडून पाहिला. ओट्याची उंची जोत्यापासून दिली होती. वाटेच्या जमिनीबद्दल काहीच लिहिलेले नव्हते.

"अंदाजपत्रकावर लेखी सूचना द्या," त्या म्हणाल्या. "मुरूम देते. मजुरी मात्र दाखवता येणार नाही. लेखापरीक्षक त्यावर लगेच बोट ठेवतील."

मजुरीचा प्रश्न माजी सैनिकांनी सोडवला. आमच्या गावात पेन्शनीत निघालेले सैनिक पुष्कळ. त्यांचा पुढारी एक सुभेदार. काम मिळाले की त्याचा चेहरा उजळतो. नसले की तो घरच्यांना शिस्त लावत बसतो. त्याने ट्रॅक्टर मिळवले, घमेली मिळवली, माणसे रांगेत उभी केली. मुरूम पसरला, पाणी मारले, धुमसाने ठोकून दोरी लावल्यासारखा सपाट केला. ओटे कमरेखाली आले. भाजीवाली बाई एका पायरीसारख्या दगडावर पाऊल ठेवून वर गेली आणि एक पाय लांब करून बसली. पुढे जुड्या मांडून पाहिल्या.

"बसतंय," ती म्हणाली. एवढेच.

सुभेदाराने इथे थांबायला हवे होते. पण पलटणीत आयुष्य काढलेल्या माणसाला काम संपले असे चुना मारल्याशिवाय वाटत नाही. बराकीतल्या झाडांना, दगडांना, वाटांच्या कडांना चुना मारूनच हे सगळे म्हातारे झालेले. त्यांनी ओट्यांच्या कडा रंगवल्या, खांब रंगवले, नळाची बैठक रंगवली. पहिल्या ओट्याच्या दर्शनी अंगाला योजनेचा दगडी फलक बसवलेला होता. त्याचा खालचा अर्धा भाग मुरमात गेलाच होता. वरचा अर्धा त्यांनी चुन्याखाली घातला, तोही दोन हात देऊन. कोणाच्याही ते लक्षात आले नाही. मी स्वतः ते काम पाहून समाधानाने घरी गेलो होतो.

नंतर दिल्लीच्या योजनेचा तपासनीस आला. उत्तरेकडचा तरुण अभियंता, पायात चकचकीत बूट, हातात फोन. शेवटचा हप्ता त्याच्या अहवालावर होता आणि फलकाच्या छायाचित्राशिवाय अहवाल पुढे सरकत नव्हता. त्याने मंडईला एक फेरी मारली.

"बोर्ड कहाँ है?"

सुभेदार ताठ झाला. "इधरीच है, साब. चुने के अंदर."

"पूरा?"

"नहीं, साब. आधा जमीन के अंदर."

अभियंत्याने खाली पाहिले. "जमीन इतनी ऊपर कैसे आ गई?"

तेव्हा मुख्याधिकारी बाई पुढे झाल्या. "हमारे पैसों से," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही, पण मानही खाली घातली नाही. त्या नोकरीत असे उत्तर देणे सोपे नसते, हे मी जाणतो.

"आप समझिए, मैडम. बोर्ड पूरा दिखना चाहिए और ओटे की ऊँचाई पूरी मिलनी चाहिए. नहीं तो मेरी रिपोर्ट वापस आएगी. ये मिट्टी हटवाइए."

त्याचेही चुकत नव्हते. त्याच्या डोक्यावर कोणी होते, त्याच्याही डोक्यावर कोणी असणार. पण मुरूम निघाला असता तर सगळे मूळपदावर आले असते. ओट्यावर बसलेल्या बाईला हिंदी येत नव्हती, तरी हात कुठे दाखवला ते तिला कळले. गावातल्या माजी सैनिकांकडून ऐकलेली असेल तेवढी हिंदी तिने गोळा केली.

"ओ सायेब! जमीन नीचे गया तो मैं ऊपर रह जायेगी!"

मिरचीवालीलाही या वेळी हसू आले नाही. अभियंत्याने बाईकडे पाहिले, तिच्या लांब केलेल्या पायाकडे पाहिले, आणि प्रथमच ओट्याची उंची हाताने अजमावली. मला वाटते, तेव्हा त्याला कळले. पण कळून अहवाल लिहिता येत नाही.

वाट काढली ती सुभेदारानेच.

"साब, सगळं कशाला काढायचं? खंदक खोद देते है. बोर्ड के सामनेच."

परवानगीची वाट न पाहता त्याने माणसे कामाला लावली. फलकासमोर एक माणूस मावेल असा खड्डा खणला गेला, सरळ कडांचा, तळाशी जोत्याला भिडलेला. दुसऱ्याने तारेच्या ब्रशाने चुना खरवडला. अक्षरे उघडी पडली. सोनेरी रंग थोडा गेला. अभियंता क्षणभर कडेवर उभा राहिला आणि बुटांसह खाली उतरला. खड्ड्यात उभे राहून त्याने फलकाचे छायाचित्र काढले. मग टेप लावून जोत्यापासून ओटा मोजला. उंची नकाशाप्रमाणे पूर्ण भरली. खोटे काहीच नव्हते.

"सही है," तो खालून म्हणाला.

सुभेदाराने हात देऊन त्याला वर घेतले. पँट गुडघ्यापर्यंत लाल झाली होती. त्याने ओट्यावरची मेथीची जुडी उचलली आणि भाव विचारला. बाईने सांगितला. त्याने तेवढे पैसे दिले आणि तो गाडीकडे गेला.

"घासाघीससुदिक केली न्हाई," बाई मला म्हणाली. "घरी बायको बोलंल त्येला."

"भाव जास्त सांगितलास काय?"

"मग? दिल्लीचा मानूस. आनी लय घाबरवलं हुतं मला."

हप्ता आला. ठेकेदाराचे बिल निघाले. खड्ड्यात कोणी पडू नये म्हणून वर लोखंडी जाळी बसवायची, तिची तरतूद पुढच्या अंदाजपत्रकात घरच्या पैशातून झाली. सूचना माझीच होती. मुख्याधिकारी बाईंची बदली त्याआधीच झाली. जाताना त्या मंडईत येऊन गेल्याचे मला नंतर समजले.

बाई त्या बाजाराला बसली, पुढच्याला बसली. आता मी पिशवी घेऊन गेलो की तिच्याशी बोलायला मला वाकावे लागत नाही. ती मात्र अजून पावट्याचा भाव कमी करत नाही.