शेरीफची सहा काडतुसं

"इब्राहिमभाई, तुम्ही मेलाय! मेलेल्या माणसाने शिंकायचं नसतं!"

विंगेतून जोगळेकर वहिनी ओरडत होत्या. दिग्दर्शिका म्हणून त्यांचं बरोबरच होतं. दुबईत, ऊद मेथातल्या हॉलमध्ये, भरगच्च प्रेक्षकांसमोर, मी नुकतीच इब्राहिमभाईंना गोळी घातली होती. ते ठरल्याप्रमाणे पडले, ठरल्याप्रमाणे तडफडले, मेले, आणि मग त्यांनी कुठेही न ठरलेली एक सणसणीत शिंक दिली.

"मी मेलोय वहिनी," मृतदेह पडल्या पडल्या कुजबुजला, "पण नाकाला कोणी सांगितलेलं नाय."

आमच्या मंडळात अजूनही म्हणतात की हे सगळं माझ्यामुळे झालं. म्हणोत बापडे. अकरा वर्षं मी या मंडळाच्या नाटकांचा पडदा ओढला. (आखातात माझ्यासारखा पडदा ओढणारा दुसरा नाही. मी नाही, दोरीच सांगेल.) यंदा काउबॉयचं नाटक होतं आणि शेरीफ झालेल्या गृहस्थांची ऐन वेळी मस्कतला बदली झाली. त्यांची टोपी एकट्या माझ्याच डोक्यात बसली. भूमिका छोटी: दरोडेखोराला मारायचं आणि म्हणायचं, "या गावात आता शांतता नांदेल." बस. वहिनींनी आधीच बजावलं होतं, "जमलं तर पुढच्या वर्षी हीरो. नाही जमलं तर दोरी कुठे टांगलेली असते, ते तुम्हाला माहीत आहे."

मी अभ्यासाला लागलो. अमेरिकेत म्हणे काउबॉयचे कपडे घालून नेमबाजीच्या स्पर्धा होतात. ती मंडळी काडतुसं घरीच भरतात, आणि जुन्या काळच्या काळ्या दारूऐवजी तिच्यासारखाच पांढरा धूर देणारी पर्यायी पूड वापरतात. असे चाळीस व्हिडिओ पाहिल्यावर मी या विषयातला आखातातला अधिकारी माणूस झालो. खऱ्या दारूचा प्रश्नच नव्हता. हॉलवाल्यांनी टिकल्यासुद्धा नको म्हणून सांगितलं होतं. तेव्हा मी करामाच्या बाजारातून पंचेचाळीस दिरहॅमचं खेळण्यातलं रिव्हॉल्व्हर आणलं. ("म्हणजे हजार रुपयांच्या वर," बायको म्हणाली. "हजारात माणूस शहाणा होत असता तर मी दिले असते.") चाप ओढला की आतली स्प्रिंग सुटायची आणि प्लास्टिकच्या काडतुसात भरलेली पूड फस्सकन बाहेर यायची.

पुडीचे प्रयोग शारजात, आमच्या अल नहदाच्या घराच्या बाल्कनीत झाले. मैदा दमट हवेत कणकेसारखा गोळा होऊन टपकन पायावर पडला. रवा छर्र्यासारखा सुटून मुलीच्या फिजिक्सच्या वहीवर बसला. ती म्हणाली, "बाबा, यू नीड हेल्प." टाल्कम पावडर मात्र झकास. असा काही धूर झाला की समोरच्या टॉवरमधल्या बाईंनी वाळत घातलेले कपडे आत नेले.

एकच अडचण होती. मला त्या आठवड्यात भयंकर सर्दी होती. आई चिपळूणहून नुकतीच आली होती आणि रोज सकाळी सुंठ-गुळाची गोळी घेऊन माझ्यामागे फिरत होती.

"घे रे. नाक मोकळं होईल."

"आई, मी शेरीफ आहे. मी गोळ्या देतो, घेत नाही."

प्रयोगाच्या दिवशी दुपारी पाहतो तर घरातली पावडर सरावातच संपलेली. मी आईच्या बॅगेतून तिचा पावडरचा डबा उचलला. पूड जरा पिवळसर वाटली. जुन्या काळची बंदूक, जुन्या रंगाचा धूर. मला उलट पसंतच पडलं. वास घ्यावा, तर नाक बंद. फोडणीच्या चमच्याने मोजून सहा काडतुसं भरली, तोंडावर टिश्यू पेपर चिकटवला आणि गनीम आता संपलाच असं समजून हॉल गाठला.

तर इब्राहिमभाई शिंकले. मला वाटलं, नेम चुकला असं लोकांना वाटेल. म्हणून मी त्यांना पुन्हा मारलं. त्यांनी दोनदा शिंकून उत्तर दिलं. तेवढ्यात छतावरच्या एसीने तो ढग उचलला आणि अदबीने पहिल्या रांगेत नेऊन ठेवला. प्रमुख पाहुणे शिंकले. त्यांना रुमाल देणारे अध्यक्ष शिंकले. मग रांगेमागून रांग, मेक्सिकन वेव्हसारखी.

"शेरीफ," इब्राहिमभाई डोळे मिटूनच पुटपुटले. करामात त्यांचं मसाल्याचं दुकान आहे, त्यामुळे मेले तरी त्यांना फसवता येत नाही. "ही पावडर नाय. सुंठ आहे. आणि माल एक नंबर आहे."

"वाक्य घ्या!" वहिनी विंगेतून ओरडल्या. "वाक्य घेऊन खलास करा!"

मी छाती भरून श्वास घेतला. आठवडाभर बंद असलेलं नाक त्याच क्षणी उघडलं.

"या गावात आता शां..."

पुढे जे झालं त्याला मी शिंक म्हणणार नाही. टोपी तिसऱ्या रांगेत गेली. बोट चापावर होतं, त्यामुळे प्रत्येक शिंकेला एक याप्रमाणे उरलेली चारही काडतुसं उडाली. धुक्यात प्रॉम्प्टर शिंकत होता, माझ्या जागी पडद्यावर नेमलेला नवा माणूस शिंकत होता, आणि पडदा त्याच्या शिंकांच्या तालावर वर-खाली होत होता. शेवटी मी स्वतः धावलो, त्याच्या हातातून दोरी घेतली आणि एका झटक्यात पडदा पाडला. त्या संध्याकाळी टाळ्या मिळाल्या त्या तेवढ्यालाच.

वहिनींनी डोळे पुसत माझ्याकडे पाहिलं. "दोरी हातात आहेच," त्या म्हणाल्या. "राहू दे."

शारजाच्या रस्त्यावर गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. मागच्या सीटवर आई बसली होती.

"आई, पावडरच्या डब्यात सुंठ कोण भरतं?"

"मग पुडीत आणू? पांढरट पूड घेऊन विमानतळावर पकडली असती मला, म्हणजे?"

"अगं, मला सांगायचं तरी. अकरा वर्षांनी एक वाक्य मिळालं होतं मला. एक वाक्य. सगळ्या दुबईसमोर माझं..."

आईने पर्समधून रुमाल काढून माझ्या खांद्यावरून पुढे केला.

"सर्दी गेली ना?"