गोठ्याचा वास

दूध करपलं तेव्हा मी त्याच्यापासून चार पावलांवर, खिडकीशी बसून माघातलं कोवळं ऊन पाहत होते. समोरच्या चिंचेवर उतरलेला तो पिवळसर प्रकाश इतका निवांत होता की पाठीमागे स्वयंपाकघरात धूर दाटत चालल्याचं मला कळलंच नाही. कळलं ते दार धडाधड वाजलं तेव्हा. दारात आक्का होत्या. आमच्या इमारतीला लागून त्यांचं बैठं घर आणि त्यामागे तीन म्हशींचा गोठा. मला रोजचं दूध त्यांच्याकडूनच येई. "मॅडम, दूध जळतंय की. खाली गोठ्यापतुर वास आलाय," म्हणत त्या मला ओलांडून आत गेल्या आणि त्यांनी गॅस बंद केला.

दिवाळीनंतरच्या एका तापात माझं घ्राणेंद्रिय मुकं झालं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं. नोकरीच्या बदलीने नाशिकहून कोल्हापुरात येऊन सहा वर्षं झाली तरी सांगावं असं माणूस मी जोडलं नव्हतं. गंध गेल्यावर कळतं की जगाला आपल्यापर्यंत पोचवणारी वाट किती अदृश्य असते. पेठ वडगावच्या रस्त्याला गुऱ्हाळं पेटलेली दिसत, उकळत्या रसावरची वाफ दिसे, आणि ते सगळं कुणा दुसऱ्याच्या आयुष्यातलं वाटे. त्या सकाळी काळ्याठिक्कर पातेल्यापुढे उभं राहून मी आक्कांना सगळं सांगितलं. डॉक्टरांनी सांगितलेला उपायही सांगितला: रोज ओळखीची एखादी वस्तू नाकाशी धरायची, डोळे मिटायचे, मनात दुसरं काही येऊ न देता तिच्यापाशी थांबायचं आणि तिचा वास आठवायचा.

"मग थांबताय का?" आक्कांनी विचारलं.

थांबत नव्हते. एकटीने लवंग हुंगत बसणं मला केविलवाणं वाटे.

दुसऱ्या दिवसापासून दुधाच्या किटलीबरोबर त्यांच्या हातात काहीतरी येऊ लागलं. दवाने ओली हत्तीगवताची पेंडी, चुरगळलेली कोथिंबीर, कुरुंदवाडच्या माहेरून आलेला गुळाचा खडा. मी डोळे मिटून उभी राही आणि आक्का, ज्यांना एरवी क्षणाची उसंत नसे, पदराला हात पुसत तितकाच वेळ निमूट उभ्या राहत. नाक काही बोलत नसे. पण त्या थांबण्यात बाकीची इंद्रियं जागी होऊ लागली. गवताचं ओझं हाताला किती गार लागतं, चिंचेवर किती तऱ्हेचे पक्षी बोलतात, हे मी सहा वर्षांनी प्रथमच जाणलं. बातमी गल्लीभर झालीच. मग कुणी वाळा आणला, कुणी अबीर. चैत्रात बायकांनी मला चटणी कांडायला गिरणीत नेलं. भाजलेल्या मिरचीचा लाल धुरळा उडाला, सगळ्या शिंकून शिंकून बेजार झाल्या आणि मी मधोमध खांबासारखी स्वस्थ. त्या हसल्या, कितीतरी दिवसांनी मीही हसले.

वैशाखातल्या एका सकाळी आक्कांना ताप होता, म्हणून किटली घेऊन मीच गोठ्यात गेले. भिजवलेली सरकी, शेण, धारोष्ण दूध, म्हशींचा उबदार श्वास... आणि एकाएकी, बंद घराचं दार किलकिलं व्हावं तसं काहीतरी आत शिरलं. पुसट, आंबूस, ओलसर. मी भिंतीला टेकून उभी राहिले. डोळे भरून आले ते आनंदाने, आणि लाजेनेही; कारण याच वासाविरुद्ध, गोठा हलवावा म्हणून इमारतीतल्या लोकांनी दिलेल्या अर्जावर दोन वर्षांपूर्वी मी सही केली होती.

ते मी त्याच दिवशी आक्कांना सांगितलं. त्या अंथरुणावर उठून बसल्या.

"म्हाईत हाय. धाकट्या लेकीनं वाचून दावलाता अर्ज. तुमची सही बी बघितली की."

"तरी तुम्ही रोज यायचात?"

"वास येत न्हाय म्हणल्यावर काय करायचं मग?" त्या म्हणाल्या आणि म्हशींना पाणी दाखवलं का ते विचारू लागल्या. मी उठून पाणी दाखवून आले.

त्यानंतर एकेक गंध परतत राहिला. मोगरा अजून आलेला नाही. मी वाट पाहते, घाई करत नाही. पण मागच्या आठवड्यात कामावरून परतताना गोठ्यासमोर माझे पाय थबकले. काहीच वास येत नव्हता. तशीच आत गेले, गव्हाणीवर वाकले, श्वास ओढला. होता, तिथेच होता, दाट आणि शाबूत.

आक्का धार काढत होत्या. मान न उचलता म्हणाल्या, "अगं, रोजचा वास कुठं कळतोय? तू काय आता पावणी हाईस व्हय?"

मी तिथेच पायरीवर बसले. कासंडीत धारेचा आवाज हळूहळू जाड होत गेला, आणि बाहेर चिंचेवर संध्याकाळ उतरत राहिली.