आडत बाजारातली शेवटची चाचणी
नव्या सोयाबीनचा कोंदट, धुळकट वास आला की लातूरच्या आडत बाजारातला एक रविवार आठवतो. विद्यार्थ्यांनी बनवलेल्या विजेच्या रेसिंग कारवर मी पीएचडी करत होतो आणि एकच चाचणी उरली होती. बॅटरी संपेपर्यंत गाडी न थांबवता पळवायची आणि मोटार किती तापते ते नोंदवायचं. प्रबंधाची वाढीव मुदतही संपत आली होती. गाडी मात्र मुलांची होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्पर्धेसाठी टेम्पोत चढणार होती. सुटीमुळे बाजार मोकळा होता, पण काँक्रीटवर सांडलेल्या दाण्यांवरून चाकं घसरत होती, म्हणून मुलं आणि मी सगळेच झाडायला लागलो. दाणे वेचणारी एक बाई हसली, “इंजिनेर होऊन झाडूच आला का रं हातात?” “हाव मावशी, सरांना पास करायचंय,” गाडी चालवणारी मुलगी म्हणाली आणि हेल्मेट घालून आत बसली. उन्हात फेऱ्या सुरू झाल्या. लॅपटॉपवर तापमानाची रेष चढत गेली. बॅटरी निम्मी शिल्लक असताना तिने गाडी थांबवली. “सर, जळका वास आला. बंद केली मी.” मी मोटारीजवळ वाकलो. वास फक्त सोयाबीनचा होता. मुलं माझ्याकडे बघत उभी होती. “बरं केलंस,” मी म्हणालो. गाडी चालू होण्यासारखी होती, तरी आम्ही ती ढकलतच सावलीत नेली. प्रबंधात ती रेष अर्ध्यावर तुटते. तोंडी परीक्षेत कारण विचारलं, तेव्हा गाडी मुलांची होती, एवढंच मी सांगितलं. याहून नेमकं कारण मला अजून सापडलेलं नाही.