करपलेला टोप

कालपासून मी हादरलो आहे. शेजारच्या ख्रिस्ती मावशी मागीलदारी भांडी घासताना सतत पुटपुटत असतात. एका भांड्याला एका माणसाचं नाव, आणि ते लख्ख होईपर्यंत त्याच्यासाठी प्रार्थना. गुडघ्यांमुळे चर्चला जाणं सुटलं, तेव्हापासूनची ही रीत. पेला नातीचा, ताटली फादरची. कालवणाचा करपलेला टोप मात्र त्या शेवटी घेतात आणि दात आवळून घासतात.

"हा कोणाचा, मावशी?" मी कुंपणावरून हसत विचारलं.

हात न थांबवता त्या म्हणाल्या, "तुझा. मी लेकीकडे गेलेली तेव्हा तू माझा माड तोडलास ना, तेव्हापासून. रोज घासते. अजून काळं जात नाय रे."