अंड्यांच्या ट्रेमधली बॅटरी

माझा डावा पाय लहानपणापासून अधू. म्हणून मी बाजूला दोन चाकं लावलेली जुनी इलेक्ट्रिक स्कूटर घेतली होती. तिच्या जड बॅटऱ्या म्हाताऱ्या झाल्या आणि शाळेच्या अर्ध्या वाटेतच मान टाकू लागल्या. मग रोज भाऊ मला मोटरसायकलवर मागं बसवून सोडायचा आणि शेतातलं काम टाकून पुन्हा न्यायला यायचा. तो कधी एका शब्दानं बोलला नाही, आणि तेच मला लागायचं. चाळिशी उलटलेली मास्तरीण मी, अन् अजून कुणाच्या तरी पाठीमागं.

त्या गाडीच्या बॅटरीच्या खोक्यात बसेल अशी लिथियमची बॅटरी कुठं मिळेना. शेलूबाजारात फवारणीचे पंप दुरुस्त करणारे एक काका आहेत, ते म्हणाले, बनवून देतो. पंपवाल्याकडून गाडीची बॅटरी! मी नाक मुरडलं, पण दुसरा इलाज नव्हता.

शाळा उघडायला तीन आठवडे असताना काकांनी मागवलेले, बॅटरीत जोडायचे सुटे सेल आले. दोन दिवसांत जोडून होतील, असा माझा हिशेब. आठवड्यानं दुकानात गेले, तर सगळे सेल अंड्यांच्या ट्रेमध्ये उभे, प्रत्येकावर नंबर, आणि काका निवांत पंपाचं नोझल साफ करत बसलेले. राग माझ्या नाकावरच असतो. नवेकोरे सेल उबवायला ठेवलेत का, असं मी चार गिऱ्हाइकांसमोर विचारलं.

त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. "मॅडम, पेराच्या आंधी तुमी पोत्यावर शंभर दाने कायले उगवून पाहता? दाना त वरून सारा सारकाच दिसते. चांगला सेल पंधरा दिवस पडून राह्यला तरी चार्जिंग धरून ठेवते. कच्चा असन तो आपोआप खाली येते."

मी शेतकऱ्याची मुलगी. त्याच दिवशी आमच्या घरी ओल्या गोणपाटात सोयाबीनचे शंभर दाणे गुंडाळून ठेवलेले होते.

सेल येऊन पंधरवडा झाल्यावर त्यांनी माझ्यासमोर एकेक सेल मीटरवर मोजला. तीन उतरले होते. दिसायला बाकीच्यांसारखेच चकचकीत, पण ते आत राहिले असते तर साऱ्या बॅटरीला त्यांच्याच चालीनं चालावं लागलं असतं. काकांनी जास्तीचे सेल मागवून त्यांचीही तशीच परीक्षा घेतलेली होती, त्यातले तीन घातले. सेल जोडणाऱ्या पट्ट्यांचं वेल्डिंग एका रेषेत, खोक्याच्या तळाला जाड रबर, कारण आमचे रस्ते त्यांना ठाऊक. मी आयुष्यभर वह्या तपासल्या, इतकं नेटकं काम फार थोड्या वेळा पाहिलं. मी त्यांची माफी मागितली. त्यांनी हसत पुढचं नोझल साफ करायला घेतलं.

शाळेच्या पहिल्या दिवशी मी एकटी निघाले. भाऊ फोन हातात घेऊनच शेतात गेला. चढावरही गाडी कुरकुरली नाही. शाळेत पोचले तेव्हा निम्म्याहून जास्त चार्जिंग शिल्लक होतं.

शाळा सुटल्यावर मुख्याध्यापक बाई माझ्या गाडीपाशी आल्या. त्यांची जीप चुकली होती.

"फाट्यालोक सोडता काय, मॅडम?"

मी बसा म्हटलं. त्या मागं बसल्या आणि पडू नये म्हणून माझा खांदा धरला. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या मागं बसलं होतं. फाट्यापर्यंत मी रडत होते, आणि त्या पोषण आहाराच्या तांदळाबद्दल बोलत होत्या.