बाबांसाठी उंच केलेली गाडी

माझा भाऊ मूर्ख नाही. हे आधीच सांगते, कारण पुढे मी त्याला बरंच काही म्हणणार आहे.

मंडपाच्या धंद्याचं सामान न्यायला त्याने एक पिकअप घेतली होती, चार दारांची, मागे हौदा असलेली. आमचं गावचं घर मालवणच्या आतल्या बाजूला, टेकाडावर. खालच्या रस्त्यापासून घरापर्यंतची वाट म्हणजे जांभ्याचे दगड आणि पावसाने पाडलेल्या घळी. साधी गाडी तिथे पोट घासते आणि बसते. बाबांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेलाय, डावा पाय ओढत चालतात. म्हणून गेल्या गणपतीला चार पुतण्यांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून वर नेलं. पोरं हसतखेळत, प्रेमाने करत होती. बाबा मात्र दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. परत निघताना मला म्हणाले, "मेल्यार उचलतलेच. आत्ताच कित्याक? फुडल्या वर्साक माका नेव नकात."

बाबांची गिरणी बंद पडून नोकरी गेली त्या वर्षीसुद्धा या माणसाने गावचा गणपती चुकवला नव्हता. मला भयंकर राग आला होता, पण तो काढायचा कुणावर ते कळत नव्हतं.

मग भावाने ठरवलं, गाडीच उंच करायची, म्हणजे बाबांना थेट अंगणात उतरवता येईल. अंधेरीला एक गॅरेज आहे, सुट्टीच्या दिवशी डोंगरात गाड्या घालणाऱ्या लोकांचा तिथे अड्डा असतो. महिनाभर गाडी तिथेच पडून. मागचे स्प्रिंगचे पाटे बदलले, पुढच्या स्प्रिंगा बदलल्या, लांब शॉकअप घातले, मोठाले दातेरी टायर आले, पोटाखाली जाड लोखंडी पत्रा बसला. रोज माझ्या फोनवर फोटो. "ताई, आता जांभा काय घेऊन बसलीस, कातळावर चढेल." मी ऑफिसच्या कामातून डोकं वर काढून लिहायची, झकास.

गणपतीच्या पंधरा दिवस आधी, रविवारी सकाळी, गाडी बोरिवलीला आमच्या बिल्डिंगखाली आली. बाबांना आधी आरे कॉलनीतून एक चक्कर मारून आणायची असं ठरलं होतं. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, काठी टेकत लिफ्टने खाली आले. गाडी बघून खरंच खूश झाले. टायरवर हात फिरवला, वाकून पत्रा बघितला. मग भावाने दार उघडलं. गाडीचा तळ बाबांच्या मांडीला लागत होता. आधी दाराखाली एक पायरी असायची, ती जागेवर नव्हती.

"पायरी कुठाय?" मी विचारलं.

"कापली ना ताई. दगडाला लागते. आणि लुक पण जातो."

लुक म्हणे. बाबांनी उजवा पाय उचलून बघितला, तर डाव्यावर तोल राहीना. भाऊ पुढे आला, "थांबा बाबा, मी उचलतो." बाबांनी फक्त "नको" म्हटलं आणि लिफ्टकडे चालायला लागले. वॉचमन बघत होता, बाकावर पेपर वाचणारे दोन काका बघत होते.

मी भावाला तिथेच धरला. म्हटलं, "दगड मोजलेस, घळी मोजल्यास. बापाचा पाय मोजलास का रे गाढवा?" तो म्हणाला, "अगं, त्यांच्यासाठीच केलं ना सगळं." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला त्या पाण्याचाही रागच आला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला दांडी मारून गाडीसकट त्याला गॅरेजवर नेला. गॅरेजवाला समजावणीच्या सुरात म्हणाला, "मॅडम, पायरी लावली की एकदम फॅमिली गाडी वाटते."

"मग माझा बाप काय फॅमिलीत येत नाही?"

"तसं नाही हो. पण आत म्हातारं माणूस बसणारे, हे मला सांगितलं कुणी?"

रोज सकाळी बाबांना आंघोळ मी घालते. बाथरूमचा उंबरा मीच फोडून घेतला, कारण चार बोटांचा तो उंबरा त्यांच्या डाव्या पायाला ओलांडता येईना. त्यांचा पाय किती उचलला जातो हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आणि मी बाई फोटो बघून झकास लिहीत बसले होते.

स्वतःवरचा राग मला फार वेळ सांभाळता येत नाही. तो मी पुन्हा गॅरेजवाल्यावरच काढला. घडी होणारी दोन पायऱ्यांची शिडी आणि दारात धरायला दांडा, एवढं लागल्याशिवाय हलणार नाही म्हटलं, आणि स्टूल ओढून बसले. संध्याकाळपर्यंत दोन्ही लागली. घरी जाऊन बाबांना गावाला येण्याचं पुन्हा विचारलं, त्यांनी "बरा, येतंय" म्हटलं आणि मी बॅगा भरल्या.

निघायच्या सकाळी अर्धी बिल्डिंग खाली होती. बाबा गाडीपाशी आले तसा भाऊ पुढे झाला, वॉचमन पुढे झाला, पेपरवाल्या काकांपैकी एक पुढे झाले. मी सगळ्यांना मागे सारलं. "कुणी हात लावायचा नाही. ते स्वतः चढणार." माझा आवाज वरच्या मजल्यांपर्यंत गेला असणार. मी स्वतःचेही हात पाठीमागे बांधून उभी राहिले.

बाबांनी दांडा धरला. उजवा पाय पहिल्या पायरीवर ठेवला, डावा ओढून शेजारी आणला. मग उजवा दुसऱ्या पायरीवर. डावा मात्र खालीच अडकला. त्यांनी एकदा ओढून बघितला, पुन्हा ओढून बघितला. इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटला. कुणी जागचं हललं नाही, मी बजावलं होतं ना. शेवटी त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "हात दी गो, चेडवा."

त्यांनी कुणाकडे काही मागितलेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं. पाठीमागे घट्ट आवळलेले हात सोडवायला मला वेळ लागला. तेवढा वेळ ते दांड्याला लटकून माझी वाट बघत होते.