अवीची चाल

फोन वाजला तेव्हा माझे हात कणकेत होते. मुलीने तो उचलला आणि रिसीव्हर माझ्या कानाला लावून धरला. पलीकडून भाऊजी एवढंच म्हणाले, "सुमन... ताई गेली." अंगणात कपडे वाळत घालता घालता ती खाली बसली होती, ती उठलीच नाही. खामगावहून बुलढाण्याला जाणारी एसटी बोथ्याच्या घाटातून चढते. एरवी त्या वळणांवर मला हमखास मळमळतं. त्या दिवशी घाट कधी सरला तेही कळलं नाही.

प्रमिलाताई माझी थोरली बहीण. आमचं माहेर धामणगाव बढे. तिथल्या भजनी मंडळाची पेटी ऐकून ऐकून ती पेटी वाजवायला शिकली, पुढे रीतसर परीक्षा दिल्या आणि बुलढाण्याच्या एका मुलींच्या शाळेत संगीत शिकवायला लागली. तिची शोकसभा झाली तेव्हा तिच्या विद्यार्थिनी बोलल्या. स्वागतगीतं, समूहगीतं, तिची शिस्त, कुणाचा सूर हलला की तिचं ते भुवई वर करणं... सगळं खरं होतं. पण शेवटची काही वर्षं ती घरी काय करत होती हे तिथे कुणाला ठाऊक नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं ते भाऊजी मागच्या रांगेत मान खाली घालून बसले होते. म्हणून हे लिहायला घेतलं.

ताईला एकच मुलगा, अविनाश. दहावीच्या वर्षी त्याच्या हृदयाची झडप खराब असल्याचं निघालं. डॉक्टरांनी धावणं, सायकल, क्रिकेट सगळं बंद केलं. पोरगं दिवसभर खिडकीशी बसून रस्ता बघत राहायचं, ते भाऊजींना बघवेना. कोर्टात कारकुनी करणारा, घरात मोजकं बोलणारा हा माणूस एके दिवशी अकोल्याला गेला आणि टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम घेऊन आला. तेव्हापासून त्या घरात सकाळ-संध्याकाळ एकच संगीत वाजायला लागलं. टिणटिण, टुकटुक, तेच ते पुन्हा पुन्हा. पेटीवर सूर लावणाऱ्या ताईच्या डोक्याला त्याचा ताप व्हायचा. खेळातला माणूस खड्ड्यात पडून मेला की सूर घसरत खाली यायचे. ते ऐकू आले की ताई स्वयंपाकघरातून ओरडायची, "मेला का रे पुन्हा?" आणि अवी तिकडून हसत म्हणायचा, "हाव आई, मेलो! अजून दोन जीव आहेत."

बारावीची परीक्षा त्याच्या हातून व्हायची नव्हती. तो गेला, आणि भाऊजींनी तो खेळ जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकून दिला.

वर्षभर त्या घरात रेडिओसुद्धा लागला नाही. दिवाळी सरल्यावर मी ताईला भेटायला गेले, तर दारातूनच ते टिणटिण ऐकू आलं. आत ताई टीव्हीसमोर सतरंजीवर बसली होती, अवीचा रिमोट दोन्ही हातांत घट्ट धरून. "काय करून राह्यली वं ताई हे?" मी विचारलं. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. "पहिल्याच खड्ड्यात पडते मी," ती म्हणाली. "पुढचं वाजतच नाही."

मग हळूहळू तिने सांगितलं. शेवटच्या महिन्यांत अवी पडल्या पडल्या एक चाल गुणगुणायचा, पलंगाच्या कडेवर बोटांनी ठेका धरून. खेळातल्या संगीतासारखीच होती, पण ताईने बाहेरून जेवढं ऐकलं होतं त्यात ती नव्हती. तिने मनाशी धरलं की ती पुढच्या कुठल्यातरी पायरीवर वाजत असणार. अवी खूप पुढे जायचा. आता ती चाल तिला हवी होती, आणि ती ऐकायची तर तिथवर खेळत जाण्यावाचून इलाज नव्हता. पन्नाशीची, चष्मा लावणारी, उभ्या आयुष्यात पत्ते न खेळलेली माझी बहीण रोज शाळेतून आली की चहा घेऊन खेळायला बसू लागली.

जे ऐकू येईल ते ती टेप करून ठेवू लागली. आधी टीव्हीपुढे टेपरेकॉर्डर धरायची, तर त्यात पंखा, कुकरची शिट्टी, शेजारणीची हाक, सगळं यायचं. बाजारात कॅसेट भरून देणारं एक दुकान होतं. जुन्या सिनेमांच्या गाण्यांखाली ढोल घालून त्याचं रिमिक्स करायची तेव्हा टूम निघाली होती आणि दुकानदार रफिकभाईंचा त्यात हातखंडा. ताई त्यांच्याकडे गेली. मास्तरीणबाईंना असलं काही शिकायचंय म्हटल्यावर ते आधी हसले. कशासाठी ते कळल्यावर मात्र त्यांनी तिला स्टूल दिलं. टीव्हीची वायर थेट टेपमध्ये कशी जोडायची, दोन कॅसेटच्या टेपवर एक आवाज दुसऱ्यावर कसा चढवायचा, पॉजचं बटण नेमकं कुठे सोडायचं, हे त्यांनी शिकवलं. "मॅडम, काटने की जल्दी मत करो," ते म्हणायचे. "पहले इसके नीचे कुछ बिछाओ."

ताईने त्या टिणटिणीखाली तानपुरा अंथरला. पेटीवर तिची लय धीमी केली, मधे मधे स्वतःचा खर्जातला आकार भरला. सुरुवातीला फार वाईट व्हायचं. प्रत्येक वेळी आवाज आवाजावर चढवला की खरखर वाढायची. कधी तानपुरा एकीकडे आणि खेळ दुसरीकडे पळायचा. स्वतःचीच कॅसेट मला ऐकवून ती म्हणायची, "मुली असं गायल्या असत्या तर मी वर्गाबाहेर काढलं असतं त्यायले." पण नंतर नंतर ते जमत गेलं. खेळातल्या त्या पोरकट तुकड्याखाली तिची पेटी अशी काही यायची, की जिने रोज त्याला शिव्या घातल्या होत्या तीच आता त्याला मांडीवर घेऊन बसलीय असं वाटायचं. मेल्यावर घसरत येणारे ते सूर मात्र तिने एकाही कॅसेटमध्ये ठेवले नाहीत. ते आले की ती टेप थांबवायची.

भाऊजींना हे मुळीच खपत नव्हतं. टीव्ही लागला की ते ओट्यावर खुर्ची नेऊन बसायचे. एकदा मी तिथे असताना ते फणकारून म्हणाले, "गेलेल्या पोराचा खेळ काऊन काढाव लागते मानसानं?" ताई खेळत राहिली. तीही हट्टी होती. मला वाटतं, दोघांचं दुःख एकाच घरात राहत होतं, पण एकमेकांशी बोलत नव्हतं.

मग एका रविवारी तिचा फोन आला. "सुमे, आज येते का?" मी पोचले तेव्हा टीव्ही बंद होता. "संपला वं खेळ," ती म्हणाली. "पार शेवटपर्यंत गेली मी."

"मंग, सापडली चाल?"

"नाही." तिने रिमोटची वायर गुंडाळायला घेतली. "त्यात नाहीच ती. खेळातले सूर ऐकून ऐकून त्यानं स्वतःचीच केली असन... अवीची होती ती चाल, सुमे. त्यानं केलेली."

मी म्हटलं, हे तर किती चांगलं झालं. तर ती माझ्याकडे अशी बघत राहिली, की ती नजर मी विसरणार नाही. "चांगलं कसं? एवढे दिवस हेच ऐकत राह्यली मी. आता त्याची चाल आठवायले गेली की खेळातलेच सूर येतात मधे. मले ती नीट आठवतच नाही."

त्यानंतर तिने खेळाला हात लावला नाही. नुसती पेटी घेऊन बसायची, चार सूर वाजवायची, मान हलवायची, टेप केलेलं पुसून टाकायची. मला विचारून उपयोग नव्हता, मी ती चाल कधी ऐकलीच नव्हती. ऐकलेलं दुसरं माणूस घरातच होतं. अवीच्या पलंगाशी रात्री-बेरात्री भाऊजीच तर बसायचे. ताईने त्यांना एकदा विचारल्याचं मला ठाऊक आहे. "मले गाण्या-बिण्यातलं काही समजत नाही," असं म्हणून ते भाजी आणायला निघून गेले होते. त्या उन्हाळ्यातच ती गेली.

मागच्या आठवड्यात मी पुन्हा बुलढाण्याला गेले. ताईच्या साड्या काढायच्या होत्या. भाऊजींनी चहा केला, बऱ्यापैकी केला. मग म्हणाले, "त्या टेपमधी तिची शेवटची कॅसेट तशीच आहे. मले लावता येत नाही." मी बटण दाबलं. आधी खरखर, मग तानपुरा, मग पेटी. खेळातलं त्यात काहीच नव्हतं. एक छोटीशी, चढत-वळत जाणारी चाल आणि तिच्यामागून ताईचा आवाज, शब्दांवाचून. शेवटचा सूर खाली येऊन टेकला. पेटीचा भाता मिटल्याचा आवाज आला आणि टेपमधली ताई जरा मोठ्याने म्हणाली, "अहो... अशीच होती ना?"

पुढे नुसती खरखर. ओट्यावर खुर्ची सरकल्यासारखा आवाज. थोड्या वेळाने तिनेच पुन्हा म्हटलं, हळू आवाजात, बहुधा स्वतःलाच, "अशीच होती."

भाऊजी खिडकीकडे तोंड करून उभे होते. तसेच म्हणाले, "शेवटी खाली नव्हता येत तो. वर जाये." आणि त्यांनी तो सूर म्हणून दाखवला. कापरा, बेसूर, पण वर जाणारा.

मी टेप बंद करायला हात पुढे केला, तर त्यांनी अडवलं. "राहू दे," म्हणाले. "फिरू दे तिले."